टर्बो गाडीला बिनटर्बो करताना

नुसता टर्बो (इंजिनात जादा हवा दाबून भरणारा पंखा) खोलून बाजूला ठेवला की काम झाले, असे समजणाऱ्यांची गाडी पुढे चढावर धापा टाकते. कारण टर्बो इंजिनाचे कॉम्प्रेशन (सिलिंडरात मिश्रण किती पट दाबले जाते ते प्रमाण) मुद्दाम कमी, जुन्या स्पोर्ट्स गाड्यांत बहुधा ८.५ ते ९.५ च्या घरात, ठेवलेले असते आणि बिनटर्बो इंजिनाला ते १०.५ ते ११.५ पर्यंत लागते. म्हणून एकतर पिस्टन बदलावेत, नाहीतर त्याच मालिकेतले बिनटर्बो इंजिन अख्खे बसवावे. माझ्या मते दुसरा मार्ग कमी कटकटीचा. मात्र आरटीओची परवानगी आधी घ्यावी, कारण आरसीवरचा इंजिन क्रमांक बदलतो.

जुनाच ब्लॉक (इंजिनाचा मुख्य सांगाडा) ठेवल्यास टर्बोला तेल देणारी नळी काढून तिच्या जागी भरीव बोल्ट लावावा आणि त्याखाली तांब्याचे नवेच वायसर घालावे, कारण एकदा दाबले गेलेले वायसर पाझरू शकते. तेल परतीचे भोक पट्टी व गॅस्केटने बंद करावे, पाण्याच्या नळ्याही तशाच. इंटरकूलर (टर्बोची तापलेली हवा गार करणारी जाळी) निघतो, एक्झॉस्टला हेडर (इंजिनातला धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांचा संच) बसतो.

ईसीयूचे (इंजिन चालवणाऱ्या संगणकाचे) ट्यूनिंग मात्र नव्यानेच करावे लागते. मराठवाड्यात मे महिन्यात पारा ४० च्या वर जातो आणि तापलेल्या हवेने इंधन आपोआप पेटून इंजिन ठोके देऊ लागते. त्यामुळे हवेचा पाइप रेडिएटरमागून न घेता पुढच्या बंपरमधून घ्यावा, आणि इग्निशन टायमिंगची (ठिणगी पडण्याच्या वेळेची) चाचणी सकाळच्या गारव्यात नव्हे, तर जालना रस्त्यावर भर दुपारी करावी.