एल्कच्या शिकारीला निघण्यापूर्वी: कोलोरॅडोच्या डोंगरातली तयारी

एल्क म्हणजे उत्तर अमेरिकेतलं मोठं हरीण. त्याच्या शिकारीची तयारी सुरू होते कागदांपासून, आणि तीही एप्रिलच्या आत. कोलोरॅडोत बऱ्याच विभागांच्या परवान्यांची सोडत निघते आणि तिचा अर्ज एप्रिलच्या सुरुवातीलाच भरावा लागतो. १ जानेवारी १९४९ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येकाला हंटर एज्युकेशनचं, म्हणजे शिकारीचं प्रशिक्षण घेतल्याचं, कार्ड लागतं, म्हणजे आपल्यापैकी जवळजवळ सगळ्यांनाच. एच-१बी व्हिसावर असाल तर एरवी बंदूक बाळगायला बंदी आहे, शिकारीचा वैध परवाना असल्यास त्यातून सूट मिळते. पण याबाबतीत मित्राच्या शब्दावर जाऊ नका, वकिलाला विचारा. परवान्यावरचा विभाग, हंगाम आणि नर की मादी हे तीनदा वाचा. बऱ्याच विभागांत नराच्या एका शिंगाला किमान चार टोकं हवीत, नाहीतर कपाळालगतचं टोक किमान ५ इंच हवं. दुर्बिणीतून टोकं नीट मोजता आली नाहीत, तर बोट ट्रिगरवर जाता कामा नये.

भारतात १९७२च्या कायद्यानंतर शिकार बंद झाली, त्यामुळे हे काम घरातल्या कुणाकडून शिकायला मिळालेलं नसतं. डोंगर मात्र आपल्याला ठाऊक आहेत असं सह्याद्रीत भटकलेल्याला वाटतं, आणि फसगत तिथेच होते. कळसूबाईचं शिखर १६४६ मीटरवर आहे. डेन्व्हर शहरच १६०९ मीटरवर वसलंय. एल्क ऑक्टोबरात सापडतो तो तीन हजार मीटरच्या आसपास, कळसूबाईच्या जवळजवळ दुप्पट उंचीवर. बाहेरगावाहून येणार असाल तर हंगामाआधी दोन-तीन दिवस वर जाऊन राहा, पाणी पीत राहा. डोकं ठणकायला लागलं आणि मळमळ थांबेना, तर हट्ट न करता खाली उतरा. पायांची तयारी उन्हाळ्यातच हवी. सॅकमध्ये वीस किलो पाण्याचे कॅन भरून चढा, आणि उतरताना तेवढंच ओझं घेऊन उतरा, कारण गुडघे उतारावर बोलतात.

कपड्यांचं थोडक्यात सांगतो. रायफलच्या हंगामात कमरेच्या वर ५०० चौरस इंच झगझगीत नारिंगी किंवा गुलाबी कापड आणि त्याच रंगाची टोपी कायद्यानेच सक्तीची आहे. आत लोकर चालेल, सुती नको. बूट नवे असतील तर ते घालून आधी शंभर किलोमीटर तरी चाला.

वाऱ्याकडे मात्र नीट लक्ष द्या. एल्कला तुम्ही दिसलात तर तो क्षणभर थबकेलही, पण वास लागला की थांबत नाही. पहाटे गार हवा घळीतून खाली वाहते, ऊन तापलं की वर चढायला लागते, संध्याकाळी पुन्हा खाली येते. म्हणून पहाटे खालून वर शिरा, आणि हवा फिरायच्या आत कडेच्या धारेवर पोहोचा. खिशात टाल्कम पावडरची छोटी बाटली ठेवा. दर पाच मिनिटांनी चिमूटभर उडवा आणि ती कुठे जाते ते बघा. दुपारी कळप उत्तरेकडच्या उतारावर, स्प्रूसच्या दाट रानात बसलेला असतो. तिथे घुसून त्याला उठवण्यापेक्षा संध्याकाळी तो चरायला बाहेर पडेल त्या कुरणाच्या काठावर बसणं बरं.

आता ओझ्याचं. माझ्या मते सगळ्या तयारीतला हाच खरा भाग. मोठा नर तीनशे किलोच्या पुढे भरतो. हाडं काढूनही ऐंशी-शंभर किलो मांस उरतं. एकट्या माणसाला त्याच्या चार फेऱ्या पडतात. गाडी तीन किलोमीटरवर असेल तर एकवीस किलोमीटर चाल, त्यातली बारा ओझ्यासकट. फ्लॅट टॉप्ससारख्या वाइल्डरनेस क्षेत्रात, म्हणजे वाहनांना बंदी असलेल्या राखीव रानात, चाकांची हातगाडीही चालत नाही, तिथे पाठ किंवा घोडा. म्हणून नकाशावर आधीच रेघ ओढा: या घळीच्या पलीकडे गोळी झाडायची नाही. खाण्याजोगं मांस रानात टाकून येणं गुन्हा आहे, आणि नसता तरी मी ते केलं नसतं.

पहिल्या वर्षी ही रेघ मी ओढली नव्हती. दुपारी साडेचारला मादी पडली ती घळीच्या तळाशी. मी एकटा, हेडटॉर्च एकच. वरची बाजू सोलून काढली; खालची तंगडी कातड्यासकट सकाळवर ठेवली. रात्री पाणी गोठलं होतं, त्यामुळे मी निर्धास्त होतो. सकाळी खुब्याच्या सांध्यात सुरी घातली तर आतून वाफ आली. हाडालगतचं मांस हिरवट पडलं होतं आणि आंबूस वास मारत होतं. एल्कचं कातडं गोधडीसारखं आहे, रात्रभर ऊब धरून ठेवतं. तेव्हापासून मी ठरवलंय की पहिल्या तासात कातडं उतरायचं, चारही तंगड्या सुट्या करायच्या, खुब्यापर्यंत चीर देऊन हाड उघडं करायचं.

त्यासाठी सॅकमध्ये दोन सुऱ्या, बदलायची पाती, पाच-सहा जाळीदार सुती पिशव्या, पंधरा मीटर दोरी, दोन हेडटॉर्च आणि जादा सेल. पिशव्या सावलीत, वाऱ्यावर टांगा, आतड्यांच्या ढिगापासून लांब, कारण काळं अस्वल येतंच. परवान्यासोबतच्या टॅगवर सही आणि तारीख घालून तो जनावराला लगेच लावा. नर की मादी हे दाखवणारा अवयव मांसाला नैसर्गिकरीत्या जोडलेलाच राहू द्या, वाटेत तपासणी होते.

रोगाच्या तपासणीसाठी डोकंही खाली आणा. एल्कसकट हरणांना होणारा क्रॉनिक वेस्टिंग डिसीज हा मेंदूचा जीवघेणा रोग पहिल्यांदा १९६७ साली याच राज्यात आढळला. काही विभागांत तपासणी सक्तीची आहे, बाकी ठिकाणीही करून घ्या. बाधित जनावराचं मांस खाऊ नये असा आरोग्य खात्याचा सल्ला आहे. अहवाल येईपर्यंत पाकिटांवर तारीख आणि नमुन्याचा क्रमांक लिहून ती फ्रीजरमध्ये वेगळ्या कप्प्यात ठेवा आणि शेजारपाजारी वाटू नका.