मायकोरायझा आन् ट्रायकोडर्मा एकाच बादलीत कालवू नका (मिरचीवाल्यांसाठी)

भोकरदन-सिल्लोडकडं मिरचीचे ट्रे भरायची घाई चालू आहे आन् बरेच जण दोन्ही पाकिटं एकाच बादलीत कालवायलेत, म्हणून लिहितोय.

दोन्ही बुरशीच, पण काम वेगळं. मायकोरायझा मुळाच्या आत शिरते, मूळ जिथवर पोचत नाही तिथवर तिचे धागे जातात, स्फुरद (फॉस्फरस) आन् जस्त ओढून आणतात, बदल्यात झाडाकडून साखर घेते. आपल्या काळ्या रानात स्फुरद चुन्याला धरून बसतो, म्हणून तिचं मोल जास्त. ट्रायकोडर्मा मात्र शिकारी. मर रोगाच्या बुरशीच्या धाग्याला वेटोळं घालते, भिंत विरघळवते आन् आतलं खाते. ती भिंत कायटिन नावाच्या चिवट पदार्थाची, आन् मायकोरायझाच्या भिंतीतही कायटिनच! प्रयोगशाळेत ट्रायकोडर्मा मायकोरायझाच्या धाग्यात घुसलेली दिसलीय. रानात दरवेळी असं होतंच असं नाही, कधी कधी दोघी मिळून पीक चांगलं आणतात, बुरशीची जात कोणती आन् कधी टाकली यावर आहे. पण ट्रेच्या एवढ्याशा कप्प्यात मी तरी जोखीम घेणार नाही.

म्हणून मायकोरायझा आधी. कोकोपीटमधे पाकिटावरच्या मापानं, बियाच्या बरोबर खाली, कारण तिला जिवंत मूळच लागतं. रोप 35-40 दिवसांचं होईस्तोवर तिला मोकळं राहू द्या. कार्बेन्डाझिम या बुरशीनाशकाची आळवणी नको, डीएपी या स्फुरदाच्या खताचा मारा तर नकोच, स्फुरद आयता मिळाला की झाड तिला फारसं आत घेत नाही. रोपं कोलमडायची भीती वाटली तर पाणी हात राखून द्या.

तोवर ट्रायकोडर्मा शेणखतात वाढवा. 100 किलो कुजलेलं खत, 2 किलो पावडर, सावली, मूठ दाबली तर गोळा व्हावा पण पाणी गळू नये एवढी ओल, वरून ओलं बारदान. आठवड्याभरात बारदान उचलून बघा, आधी पांढरं जाळं दिसतं मग त्यावर हिरवी भुकटी, बोट फिरवलं की हिरवट लागते. सडका वास आला तर वापरू नका. हे खत लागवडीनंतर आठ-दहा दिवसांनी बुडाशी.

दोन सरी काहीच न टाकता ठेवा, महिन्यानं दोन्हीकडची रोपं शेजारी ठेवून बघा. मूळ धुवून मायकोरायझा दिसणार नाही, वाढ दिसेल. आन् कोबी-मोहरीवर तिचा खर्च करू नका, त्या कुळाच्या मुळात ती राहतच नाही.