नीतिमत्त्वाची तहान कशी ओळखावी आणि कशी जपावी

मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, तेव्हा दुपारच्या वेळी पाणी भरायला सहसा कोणी घराबाहेर पडत नाही. विहिरीवर किंवा हापशावर जायचे ते पहाटे, नाहीतर उन्हे उतरल्यावर. म्हणूनच योहानाच्या शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायातली शोमरोनी स्त्री सहाव्या तासाच्या सुमारास, म्हणजे भर दुपारी, एकटीच घडा घेऊन येते, हे वाचताना खानदेशातल्या वाचकाला चटकन काहीतरी खटकते. शास्त्र तिच्या वेळेचे कारण सांगत नाही. प्रभू येशू मात्र तिच्याकडे आधी स्वतःसाठी पाणी मागतो, मग जिवंत पाण्याविषयी बोलतो, आणि तिने ते मागताच तिच्या घरचा, तिच्या पाच नवऱ्यांचा विषय काढतो. आध्यात्मिक तृप्ती हवी असणाऱ्या प्रत्येकाने हा क्रम ध्यानात घ्यावा, कारण आपल्यापैकी बहुतेकांना पाणी हवे असते, पण घरचा विषय निघू नये असे वाटत असते.

डोंगरावरील प्रवचनात प्रभूने नीतिमत्त्वाचे भुकेले व तान्हेले यांना धन्य म्हटले आणि ते तृप्त होतील असे वचन दिले (मत्तय ५:६). पहिले काम, ही भूक आपल्यात आहे की नाही ते तपासणे. मंडळीत अनेकजण तक्रार करतात की उपासनेला येतो, वचन वाचतो, तरी मन कोरडेच राहते, आणि त्यावरून आपला विश्वास मेला असावा असा निष्कर्ष ते काढतात. शेतकरी असा विचार करीत नाही. रिकाम्या गव्हाणीपुढे हंबरणाऱ्या बैलाची त्याला काळजी वाटत नाही. समोर हिरवा चारा असताना तोंड फिरवणाऱ्या, रवंथ सोडलेल्या बैलासाठी तो रात्री उठून डॉक्टरला बोलावतो. मत्तयाने ‘तृप्त होतील’ यासाठी वापरलेला ग्रीक शब्द मुळात गुरांना पोटभर चारा घालण्यासाठी वापरला जात असे, आणि पाच हजारांना भोजन दिल्याच्या प्रसंगातही लोक जेवून तृप्त झाले हे सांगताना तोच शब्द आला आहे. कोरडेपणाचे दुःख होत असेल, तर भूक जिवंत आहे असे समजून पुढे जावे. दुःखही होत नसेल, तर त्या भुकेसाठीच प्रार्थना करावी. दुसऱ्या कशाने सुरुवात करू नये.

त्यानंतर भूक कशाने मारली जाते ते शोधावे. जेवणाआधी शेव-चिवडा खाल्लेले मूल ताटावर बसते, पण जेवत नाही. जे अन्न नव्हे त्यासाठी पैसा का खर्च करता, असा प्रश्न यशया ५५ मध्ये आहे, आणि यिर्मया २:१३ मध्ये देवाची तक्रार आहे की लोकांनी जिवंत पाण्याचा झरा सोडून स्वतःसाठी हौद खोदले, तेही भेगा पडलेले. एक आठवडा वहीत दोनच गोष्टी लिहाव्यात: उठल्यावरचा पहिला अर्धा तास कशात गेला, आणि झोपण्यापूर्वीचा शेवटचा अर्धा तास कशात गेला. बहुधा दोन्ही ठिकाणी मोबाईल येईल, काहींच्या बाबतीत जुने भांडण मनात उगाळणे येईल, काहींच्या बाबतीत भावाच्या किंवा शेजाऱ्याच्या उत्पन्नाशी तुलना येईल. आठवड्यानंतर त्यातली एकच गोष्ट सोडावी आणि ती जागा रिकामी ठेवू नये.

त्या रिकाम्या जागेत स्तोत्र ६३ ठेवावे, असे मी अनुभवाने सुचवतो. दावीद यहूदाच्या रानात असतानाचे ते स्तोत्र आहे. शुष्क, निर्जल भूमीत माझा जीव तुझ्यासाठी तान्हेला आहे, असे तो पहिल्याच वचनात म्हणतो, पाचव्या वचनात मेजवानीने व्हावा तसा जीव तृप्त होईल म्हणतो, आणि आठव्या वचनात हाच तृप्त जीव पुन्हा देवाला बिलगून त्याच्यामागे निघालेला असतो. तृप्तीमुळे ओढ संपत नाही, उलट वाढते, हे ज्याला कळले तो आपली भूक परत आली म्हणून घाबरत नाही. हे स्तोत्र पहाटे मोठ्याने तीनदा वाचावे आणि मग पुस्तक मिटून स्वतःच्या घरच्या भाषेत प्रार्थना करावी. आपल्याकडे उपासना प्रमाण मराठीत होते, पण दुःख आणि ओढ अहिराणीत, मावचीत किंवा भिलीत जिभेवर येते. ‘देवा, माले तुन्ही तहान लागनी शे’ एवढे एक वाक्य मनापासून निघाले, तर ते घोकलेल्या लांब प्रार्थनेपेक्षा खरे असते.

आता नीतिमत्त्व म्हणजे काय, हे नीट समजून घेतल्याशिवाय पुढची पायरी चढता येत नाही. पौल फिलिप्पैकरांस पत्रात (३:९) स्पष्ट सांगतो की नियमशास्त्र पाळून मिळवलेले स्वतःचे नीतिमत्त्व त्याला नको आहे. ख्रिस्तावरील विश्वासाने देवाकडून मिळते ते हवे आहे. हे दान आधी रिकाम्या हातांनी घ्यावे लागते. परंतु तेच नीतिमत्त्व माणसामाणसांतल्या व्यवहारात उतरते, आणि ते समजायला आपल्या भागातली फड पद्धत फार उपयोगी आहे. साक्री तालुक्यात पांझरा नदीवर जुने बंधारे आहेत. पाटाखालची जमीन फडांत विभागलेली असते, एका फडात साधारणपणे एकच पीक घेतले जाते आणि पाटकरी पाळीपाळीने प्रत्येकाच्या शेताला पाणी देतो. नदी कोणीच निर्माण केलेली नसते, पाणी वरून येते. पण खालच्या शेतकऱ्याची पाळी चुकवली तर सगळी व्यवस्था मोडते. आमोस ५:२४ मध्ये न्याय पाण्यासारखा आणि नीतिमत्त्व अखंड प्रवाहासारखे वाहू द्या असे म्हटले आहे, ते मला पाटाच्या कडेला उभे राहिल्यावर अधिक स्पष्ट कळते.

म्हणून संध्याकाळच्या आत्मपरीक्षणात ‘आज माझे मन शुद्ध होते का’ असा मोघम प्रश्न न विचारता, ‘कोणाचे काय माझ्याकडे राहिले आहे’ असे विचारावे. कापूस वेचणाऱ्या बायांची मजुरी उद्यावर ढकलली का? बायबलातल्या अनुवाद या पुस्तकाप्रमाणे (२४:१५) ती सूर्य मावळण्यापूर्वी द्यायची असते, आणि याकोब ५:४ मध्ये अडवून ठेवलेली मजुरी स्वतःच ओरडते असे लिहिले आहे. उधारीच्या वहीत आकडा वाढवला का? बांध कोरला का? या शेवटच्या प्रश्नापाशी मी स्वतः कित्येक वर्षे अडलो होतो. उपवास-प्रार्थनेत आत्म्याच्या भरपूरीसाठी रडणारा मी, नांगरणीच्या वेळी चुलत भावाच्या बाजूने दरवर्षी नांगराच्या एखाद्या तासाने (ओळीने) सरकत होतो, आणि शेजाऱ्याच्या शेताची सीमा सरकवू नको ही आज्ञा (अनुवाद १९:१४) मला पाठ होती. एका प्रभुभोजनाच्या आदल्या रात्री, वेदीपाशी अर्पण ठेवून आधी भावाशी समेट कर, हे वचन (मत्तय ५:२३-२४) वाचताना झोप आली नाही. पहाटे त्याच्या दारी गेलो, चूक कबूल केली आणि जमीन मोजून परत दिली. तो लगेच काही प्रेमाने बोलला नाही, आणि त्याने बोलावे अशी अपेक्षा ठेवण्याचा हक्कही मला नव्हता. पण त्या रविवारी भाकर हातात घेतली तेव्हा फार दिवसांनी मला भूक लागली होती. जकातदार जक्कयाने अन्यायाने घेतलेले चौपट परत करीन म्हटले (लूक १९:८), ते प्रभू त्याच्या घरी आल्यानंतर, हेही विसरू नये; परतफेड करून आपण प्रभूला विकत घेत नाही.

उपवासाविषयी थोडक्यात: यशया ५८ वाचूनच उपवास करावा. त्या वेळच्या भाकरीचे पीठ बाजूला काढून ऊसतोडीहून परतलेल्या एखाद्या कुटुंबाला गाजावाजा न करता द्यावे. ज्यांना मधुमेह आहे किंवा औषधे चालू आहेत, त्यांनी अन्नाऐवजी दुसऱ्या कशाचा उपवास धरावा.

एवढे करूनही लांबलचक कोरडा काळ येऊ शकतो. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडमध्ये झाला, तरी त्यानंतर काही वर्षांनी त्यांना जाणवले की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला, पण त्या धर्माचे जीवन असलेला ख्रिस्त सापडला नव्हता, आणि ही कबुली त्यांनी स्वतःच लिहून ठेवली. एवढ्या विद्वान, सेवाभावी बाईला हे मान्य करता आले, तर आपणही आपल्या पाळकाजवळ किंवा एखाद्या विश्वासू वडीलधाऱ्या बहिणीजवळ ते मोकळेपणाने बोलावे. संडे स्कूल शिकवतो किंवा मंडळीच्या पंचात आहे म्हणून लपवू नये.

अशा काळात उन्हाळ्यातल्या नदीपात्राकडे पाहावे. वर नुसती तापलेली वाळू दिसते, तरी आमच्या आया-आज्या तिथे हाताने झिरा उकरीत असत. पहिले पाणी गढूळ येई. ते वाटीने उपसून टाकायचे, काठाशी बसून थांबायचे, आणि मग हळूहळू स्वच्छ पाणी झिरपून वर येई. प्रार्थनेतही आधी जे वर येते ते बहुधा गढूळच असते: राग, हेवा, देवाविषयीची तक्रार. ते बोलून टाकावे, स्तोत्रकर्त्यांनीही तसेच केले आहे. त्यानंतर किमान दहा मिनिटे काहीही न मागता बसावे, आणि काही जाणवले नाही तरी दुसऱ्या पहाटे त्याच वेळी त्याच जागी परत यावे.