बंद न्हाणीघरातल्या जुन्या बंबाला बाहेरची हवा कशी पुरवावी

पुण्याच्या कसब्यातल्या तांबट आळीत घडवलेला, लाकडांवर पाणी तापवण्याचा तांब्याचा बंब वाड्याच्या परसात पेटत असे, तेव्हा त्याला हवा कोठून मिळते हा प्रश्न पडण्याचे कारणच नव्हते. तोच बंब आता फरशा लावलेल्या, सरकत्या काचेची खिडकी असलेल्या न्हाणीघरात ठेवला जातो आणि डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत ती खिडकीही लावून घेतली जाते. एक किलो कोरडे लाकूड पूर्ण जळण्यास सुमारे ६ किलो, म्हणजे ५ घनमीटरांहून अधिक हवा लागते. प्रत्यक्षात जाळ याच्या दुपटीच्या आसपास हवा ओढतो. ५ फूट रुंद, ७ फूट लांब आणि ९ फूट उंच न्हाणीघरात मात्र सारी मिळून ९ घनमीटरही हवा नसते. ती अपुरी पडली की लाकूड अर्धवट जळून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, आणि त्याला ना रंग असतो ना वास.

आधी धुराची वाट पाहावी. बंबाच्या मधल्या नळीवर धुराडे चढवून ते छपराच्या वर नेलेले नसेल, किंवा त्यात काजळी साचली असेल, तर बाहेरून कितीही हवा आणली तरी धूर खोलीतच राहील. धुराडे मोकळे असूनही जाळ मंद वाटत असेल, तर दार-खिडकी लावून दाराच्या फटीशी उदबत्ती धरावी. तिचा धूर आत खेचला जात असेल आणि खिडकी उघडताच जाळ उसळत असेल, तर हवा कमी पडते आहे हे नक्की. ही परीक्षा दोन-तीन मिनिटांत आटोपावी, आणि त्या वेळी एक्झॉस्ट पंखा बंद असावा. तो चालू असेल तर धुराड्यातला धूरच उलटा आत ओढतो.

हवेचे भोक बाहेरच्या भिंतीत, जमिनीलगत, बंबाची लाकडे जिच्यावर जळतात त्या जाळीच्या पातळीला किंवा तिच्याखाली पाडावे. ते जाळापेक्षा उंच ठेवले, तर वारा फिरल्यावर तेच धुराड्यासारखे वागू लागते. इमारतीच्या डक्टमधून हवा मुळीच घेऊ नये, कारण शेजाऱ्यांच्या गॅस गिझरचा धूर अनेकदा तेथेच सोडलेला असतो. बाहेरची भिंतच नसलेल्या न्हाणीघरात बंब लावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. तुळई आणि खांब यांना धक्का लागणार नाही याची खात्री इंजिनिअरकडून आणि परवानगी सोसायटीकडून घेतल्याशिवाय भिंतीला हात लावू नये.

धुराडे ४ इंच व्यासाचे असेल तर भोकात बसवायची हवेची नळीही निदान तेवढी असावी. तिला वळणे असतील किंवा ती लांब असेल तर ६ इंची घ्यावी. नळी जस्ताचा थर दिलेल्या लोखंडी पत्र्याची असावी, पीव्हीसीची नको, कारण उलटा झोत आला तर तिच्यातून तापलेला धूर आणि ठिणग्याही जाऊ शकतात. पावसाचे पाणी आत येऊ नये म्हणून तिला बाहेरच्या बाजूस किंचित उतार द्यावा आणि बाहेरचे तोंड खाली वळवावे. तोंडाला पाव इंची भोकांची जाळी लावावी. डासांची बारीक जाळी धुळीने लवकर बुजते आणि मग सगळी खटपट वाया जाते. जुन्या बंबाला हवा घेण्याचे बंदिस्त तोंड नसते, त्यामुळे नळी त्याला जोडण्याचा खटाटोप न करता ती बंबाच्या जाळीपासून वीतभर अंतरावर मोकळी सोडावी.

पुण्यात पावसाळी वारा मुख्यतः पश्चिमेकडून येतो. भोक पूर्वेच्या भिंतीत असेल तर जोराच्या वाऱ्यात तेथून हवा आत येण्याऐवजी बाहेर खेचली जाऊ शकते, म्हणून उदबत्तीची परीक्षा अशा दिवशी पुन्हा करावी. थंड झोत अडवण्यासाठी नळीला झडप बसवता येते. मात्र पाणी तापले म्हणून ती लगेच लावू नये. विझत आलेले निखारेही कार्बन मोनॉक्साइड सोडत असतात, तेव्हा राख पूर्ण थंड होईपर्यंत झडप उघडीच ठेवावी. आंघोळीच्या वेळी डोके दुखू लागले किंवा मळमळले तर ताबडतोब बाहेर पडावे आणि दार-खिडकी उघडी टाकावी.