गोलाईच्या काठाला सुबक दुमड घालताना

सरळ काठ दुमडला की जागेवर बसतो, परंतु अंब्रेला घेराचा, म्हणजे गोल कापलेल्या घेराचा, काठ दुमडताच त्याला चुण्या पडू लागतात, आणि शिवणाऱ्याला आपलाच हात कच्चा आहे असे वाटते. खरी अडचण मापाची असते. पूर्ण वर्तुळाच्या घेराला ३ सेंमीची एकेरी दुमड घातली, तर कच्चा काठ आत ज्या रेषेवर टेकतो तिच्यापेक्षा तो सुमारे ३८ सेंमी लांब भरतो. घेर लहान असो वा मोठा, हा फरक तेवढाच राहतो. दुमड ६ मिमीची ठेवली, तर तो साडेसात सेंमीपर्यंत खाली येतो. म्हणूनच गोलाईवर अरुंद दुमडच घालावी, असे माझे ठाम मत आहे.

घेर कापल्यानंतर कपडा एक दिवस-रात्र टांगून ठेवावा. कापडाचा उरेब, म्हणजे धाग्यांना तिरका कापलेला, भाग स्वतःच्या वजनाने लोंबतो आणि काठ कुठे खाली, कुठे वर होतो. तो जमिनीपासून मोजून सारखा कापल्याशिवाय दुमडीला हात लावू नये. अरुंद दुमडीसाठी काठापासून ६ मिमीवर मशीनची एक शिलाई मारावी, तिच्यावरच काठ उलट बाजूला दुमडून इस्त्री करावी, आणि पुन्हा तेवढेच दुमडून आतल्या कडेलगत पक्की शिलाई मारावी. पहिली शिलाई दुमडीला वळण देते, त्यामुळे बोटांना अंदाज घ्यावा लागत नाही.

जाड कापडाला रुंद दुमड हवीच असेल, तर काठापासून ६ मिमीवर ४ मिमीच्या लांब टाक्यांची शिलाई मारून तिचा बॉबीनचा (खालचा) धागा हलकेच ओढावा. ओढता ओढता काठ वाटीच्या कडेसारखा आत वळू लागतो. तो कापडावर सपाट टेकला की तिथेच थांबावे, कारण आणखी ओढल्यास चुण्या पडतात. दुमडीला आधी जोडशिवणींवर, मग दोन शिवणींच्या मध्यावर आणि त्यानंतर उरलेल्या भागात टाचण्या लावल्या, तर जादा कापड सगळीकडे सारखे वाटले जाते. सुती आणि लोकरी कापड वाफेने आणखी बसते, पॉलिस्टर मात्र फारसे दाद देत नाही. इस्त्री सरकवू नये. उचलून ठेवावी, नाहीतर सावरलेली गोलाई पुन्हा ताणली जाते. यानंतर हाताने तुरपाई करावी, म्हणजे दुमड बारीक टाक्यांनी कापडाला धरावी.

गळा आणि मुंढा (बाही जोडतात ती कड) यांची गोलाई आत वळलेली असल्याने तिथे उलटा प्रकार होतो: कच्चा काठ तोकडा पडतो आणि दुमड ओढ धरते. अशा ठिकाणी ४५ अंशांत कापलेली ३ सेंमी रुंदीची उरेब पट्टी सुलट बाजूवर ठेवून, किंचित ताणत जोडावी. मग साधारण १ सेंमीच्या अंतराने शिलाईकडे बारीक काप द्यावेत, पण प्रत्येक काप शिलाईच्या २ मिमी अलीकडे थांबवावा. काप दिलेला काठ आणि पट्टी या दोन्हींवरून, पट्टीच्याच अंगाला, एक शिलाई मारली की पट्टी आत वळते आणि पुढून डोकावत नाही. तिचा मोकळा काठ आत दुमडून तुरपाईने कापडाला धरावा आणि टाक्यात कापडाचा एखादाच धागा घ्यावा, म्हणजे सुलट बाजूवर टाका दिसत नाही.