मराठी एसएमएस ७० कॅरॅक्टरमध्ये कसा बसवायचा

पाणीपुरवठा, लसीकरण, शाळेची सुट्टी असे निरोप आजही एसएमएसने जातात, कारण साध्या फोनवरही ते पोचतात. खर्च वाचवण्यासाठी बरेच जण मराठी मजकूर रोमन लिपीत पाठवतात. तसे करू नका. मराठी शाळेत शिकलेल्या आजीला देवनागरी सहज वाचता येते, रोमन मराठी अडखळत वाचावी लागते. मजकूर नीट बेतला तर देवनागरीतही एका संदेशात काम होते.

आधी हिशेब समजून घ्या. एका एसएमएसमध्ये १४० बाइट, म्हणजे ११२० बिट मावतात. इंग्रजी अक्षराला ७ बिट लागतात, म्हणून १६० कॅरॅक्टर (अक्षर, चिन्ह, मोकळी जागा, प्रत्येकी एक) बसतात. देवनागरीला प्रत्येकी १६ बिट, म्हणून ७०. इंग्रजी मजकुरात एकच देवनागरी अक्षर किंवा ₹ हे चिन्ह आले तरी सगळा संदेश ७० च्या मर्यादेत येतो. ७१ वे कॅरॅक्टर आले की संदेशाचे दोन भाग होतात, भाग जोडण्याच्या माहितीला जागा गेल्याने प्रत्येक भागात ६७ च उरतात आणि पैसे दोन संदेशांचे लागतात.

काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त हे सगळे वेगळे मोजले जातात. ‘विद्यार्थ्यांना’ हा शब्द डोळ्यांना चार अक्षरांचा दिसतो, प्रत्यक्षात १५ कॅरॅक्टर खातो. म्हणून अंदाजाने मोजू नका. संदेश प्रोग्राममधून जात असतील तर जावास्क्रिप्ट या प्रोग्रामिंग भाषेतली ‘लेंग्थ’ (length) इथे बरोबर उत्तर देते. मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये मात्र ‘लेंग्थ’ बाइट मोजते, तिथे ‘कॅर_लेंग्थ’ (CHAR_LENGTH) वापरा.

खरी बचत भाषेत आहे. ‘सर्व नागरिकांना कळविण्यात येते की, तांत्रिक कारणास्तव’ इथेच ५३ कॅरॅक्टर संपले आणि पाण्याचे नाव अजून निघालेले नाही. त्याऐवजी:

बुधवारी पाणी नाही. मंगळवारी रात्री भरून ठेवा. ग्रामपंचायत

हे ५७ झाले. उरलेल्या १३ मध्ये तारीख बसते, आणि ती घालाच. ‘उद्या’ लिहू नका. फोन बंद असेल तर संदेश दुसऱ्या दिवशी पोचतो आणि ‘उद्या’चा अर्थच बदलतो. फोन क्रमांक द्यायचा असेल तर इंग्रजी अंकांत द्या, कीपॅडवर तेच असतात.

गावाचे किंवा व्यक्तीचे नाव प्रत्येक संदेशात बदलत असेल तर यादीतले सर्वांत लांब नाव घालून मोजा. ‘पुणे’ला ४ लागतात, ‘छत्रपती संभाजीनगर’ला १७. चाचणीत एका भागात बसलेला संदेश अशाच नावामुळे दोन भागांत जातो.

ट्राय या दूरसंचार नियामकाच्या २०१८ च्या नियमांनुसार संस्थांना संदेशाचा साचा डीएलटी या दूरसंचार कंपन्यांच्या ऑनलाइन नोंदणीत आधी मंजूर करून घ्यावा लागतो. पाठवलेला मजकूर त्या साच्याशी जुळला नाही तर संदेश अडतो. मराठीत इथे एक छुपी अडचण आहे: दिसायला सारखा मजकूर आतून वेगळा असू शकतो. ‘ॲ’ हे एक कॅरॅक्टर म्हणून टाइप होते, तसेच ‘अ’वर चंद्र देऊन दोन कॅरॅक्टरनेही. ‘दुसऱ्या’मधला अर्धा र ‘ऱ’ला हलन्त देऊन लिहिला तर शब्द ७ कॅरॅक्टरचा होतो, ‘र’, हलन्त आणि न दिसणारा जोडक वापरला तर ८ चा. एकाने मोबाइलवर साचा नोंदवला आणि दुसऱ्याने संगणकावर तोच मजकूर पुन्हा टाइप केला, की असे फरक पडतात. युनिकोडचे नॉर्मलायझेशन, म्हणजे एकच मजकूर वेगवेगळ्या प्रकारे टाइप झाला असेल तर त्याला एका रूपात आणण्याची प्रक्रिया, हीसुद्धा हे दोन्ही फरक मिटवत नाही. त्यामुळे मंजूर साचा पुन्हा टाइप करू नका, तिथूनच कॉपी करून प्रणालीत ठेवा.

शेवटी बटणांच्या एखाद्या जुन्या फोनवर संदेश उघडून पाहा. तिथे जोडाक्षरे तुटत असतील किंवा चौकोन दिसत असतील तर फॉन्ट तुमच्या हातात नसतो. शब्द बदलता येतो: ‘विद्यार्थ्यांना’ऐवजी ‘मुलांना’ लिहा.