मिनी ट्रॅक्टरने रोटर मारताना: जोडणी, बाग, ताली आणि सीट सोडण्याआधीची कामं

तासगाव-पलूसच्या द्राक्षबागा असोत की कराड-वाळव्याचा ऊस, १५ ते २८ अश्वशक्तीचा मिनी ट्रॅक्टर आणि मागे तीन-चार फुटी रोटर (फिरत्या पात्यांनी माती फोडणारा रोटाव्हेटर) आता दर दुसऱ्या-तिसऱ्या रानात दिसतो. यंत्र बारकं, म्हणून त्याचा धाक वाटत नाही. पण या बारक्याचा पीटीओ, म्हणजे मागच्या अवजाराला इंजिनची ताकद देणारा फिरता दांडा, तोसुद्धा मोठ्या ट्रॅक्टरसारखाच मिनिटाला ५४० फेरे घेतो आणि पाती तितकीच निर्दयी असतात. उलट चाकांमधलं अंतर कमी असल्याने आडव्या उतारावर हा मोठ्याच्या आधी कलंडतो.

सगळ्यात आधी एक सवय लावून घ्यायची. सीट सोडायची असेल, मग ते पाणी प्यायला असो, फोन घ्यायला असो की अडकलेली सुतळी काढायला, क्रम ठरलेला: पीटीओ बंद, रोटर जमिनीवर टेकवलेला, गिअर न्यूट्रल करून हँडब्रेक ओढलेला, इंजिन बंद आणि किल्ली खिशात. किल्ली तिथेच ठेवली तर कुणीतरी सहज म्हणून फिरवतो, आणि पोरं तर फिरवतातच. रोटर पूर्ण थांबल्याशिवाय मागे जायचं नाही. सीटवर बसलेल्याला फिरत्या रोटरपासून धोका तसा कमी. सीटवरून उतरलेल्याला आणि मागे उभ्या असलेल्याला जास्त.

रान आधी चालून बघा

ट्रॅक्टर रानात घालण्याआधी एक फेरी पायी मारायची. दगड, तारेचे तुकडे, मल्चिंगचा कागद, ठिबकची सुटलेली नळी, जमिनीतून वर आलेला पाइपलाइनचा व्हॉल्व्ह, सगळं बघायचं. व्हॉल्व्हशेजारी उंच काठी रोवून तिला पांढरी पिशवी बांधा. उसाच्या पाल्यात दुसरं काही नजरेला पडत नाही. उसात नळ्या सरीत पसरलेल्या असतात, त्या आधी गुंडाळून बांधावर घ्या. बागेत नळी तारेला टांगलेली असली तरी कुठे लोंबलीय का ते पाहा.

द्राक्षबागेत ओळीच्या टोकाला अँगलचे ताण, म्हणजे अँगल ओढून धरणाऱ्या तारा, जमिनीत गाडलेले असतात. वळताना चाक त्यात घुसतं किंवा ती तार थेट चालवणाऱ्याच्या गळ्याच्या उंचीला येते. ताणांना लाल कापड किंवा रिकामी बाटली बांधणं हे पाच मिनिटांचं काम आहे.

वाफसा नसताना रोटर मारायचा नाही. मूठभर माती दाबून गोळा करा आणि कमरेच्या उंचीवरून सोडा. फुटला तर वाफसा आहे. चपटा होऊन पडला तर दोन दिवस थांबा. नदीकाठच्या काळ्या रानात ही चूक महागात पडते. ओली माती पात्यांना थापली जाते, इंजिनवर ताण येतो, चाक रुततं आणि खाली तवा धरतो, म्हणजे मातीचा कडक थर बसतो. उलट रान वाळून दगड झालं असेल तर पाती आत शिरत नाहीत, चाकासारखी वरूनच पळतात. पाती वरून खाली येत माती मागे फेकतात, त्यामुळे रोटर ट्रॅक्टरला पुढे ढकलत असतो. कडक रानात हाच ढकला अचानक वाढतो आणि ट्रॅक्टर उसळून पुढे जातो. अशा वेळी आधी फण मारून रान उघडावं किंवा एक पाणी देऊन वाफशाची वाट बघावी.

रोटर जोडणं

सपाट जागा हवी. रोटर ठोकळ्यांवर किंवा स्वतःच्या स्टँडवर उभा असावा. ट्रॅक्टर सरळ मागे घ्यायचा, इंजिन बंद करायचं आणि मगच उतरायचं. इंजिन चालू ठेवून, एकजण सीटवर आणि दुसरा ट्रॅक्टर-रोटरच्या मध्ये उभा, ही पद्धत सोडून द्या. क्लचवरून पाय निसटला की मधला माणूस दोन लोखंडांच्या मध्ये सापडतो.

पहिल्यांदा डावी लोअर लिंक (ट्रॅक्टरच्या मागचा खालचा जोडदांडा) लावायची, मग उजवी, कारण उजवी आटे फिरवून वर-खाली करता येते. शेवटी वरची मधली टॉप लिंक. प्रत्येक पिनला लिंच पिन (पिन निसटू न देणारी कडीची छोटी पिन) हवीच. तिच्या जागी खिळा किंवा तार नको. उजव्या लिंकने रोटर डाव्या-उजव्या बाजूला समांतर करायचा, टॉप लिंकने पुढे-मागे. रोटर कामाच्या खोलीत असताना त्याच्या गिअरबॉक्सचा शाफ्ट आणि ट्रॅक्टरचा पीटीओ साधारण समांतर असला पाहिजे. बाजूच्या चेन किंवा स्टॅबिलायझर ताणा, नाहीतर वळताना रोटर चाकाला घासतो.

आता पीटीओ शाफ्ट, म्हणजे ट्रॅक्टरचा पीटीओ आणि रोटरचा गिअरबॉक्स जोडणारा दांडा. इथे घाई करणारा पुढे गॅरेजला जातो. शाफ्टच्या आतल्या बाजूचे दोन्ही योक (सांध्याचे दुबेळके) एका रेषेत यायला हवेत. एक उभा आणि एक आडवा बसला तर शाफ्ट झटके देत फिरतो आणि क्रॉस (योकमधले फुलीसारखे सांधे) तुटत राहतात. दोष मात्र क्रॉसच्या कंपनीला दिला जातो. शाफ्ट खाचांवर बसवल्यावर लॉक 'टक्' करून बसलं का ते हाताने मागे ओढून बघा. मग इंजिन चालू करून, पीटीओ बंदच ठेवून, रोटर हळूहळू पूर्ण वर आणि पूर्ण खाली करा. शाफ्ट सगळ्यात आखूड कुठे होतो आणि सगळ्यात लांब कुठे, ते लक्षात घ्या. दोन्ही ठिकाणी रोटर खाली ठोकळ्यांवर टेकवून, इंजिन बंद करूनच शाफ्टजवळ जायचं. आखूड स्थितीत दोन्ही नळ्या एकमेकींच्या टोकाला टेकायला नकोत, इंच-दीड इंच मोकळीक लागते. टेकल्या तर पुढचा धक्का थेट गिअरबॉक्सच्या कव्हरला बसतो. लांब स्थितीत नळ्या निदान एक तृतीयांश एकमेकींत असायला हव्यात, नाहीतर चढ-उतारावर शाफ्ट निसटून रपारप फिरतो.

शाफ्टवरचं प्लास्टिकचं कव्हर आणि त्याच्या दोन्ही साखळ्या जागेवर असू द्या. ग्रीस मारताना अडचण होते म्हणून ते काढून फेकणारे खूप आहेत. हिशोब करून बघा. उघडा शाफ्ट तीन इंच जाड धरला तर त्याचा घेर साधारण २४ सेंटिमीटर. ५४० फेऱ्यांना सेकंदाला ९ वेढे, म्हणजे सेकंदाला दोन मीटरपेक्षा जास्त कापड गुंडाळलं जातं. गळ्यातला टॉवेल, धोतराचा सोगा, ओढणी, साडीचा पदर, यातलं काहीही सेकंदभरात आत जातं आणि त्यामागे माणूस. टॉवेल डोक्याला घट्ट बांधा किंवा घरी ठेवा. शर्ट आत खोचलेला, पायात बूट. चपलेवर क्लच दाबणं हाही एक धोकाच आहे.

पाती आणि बोल्ट

पात्यांची डावी आणि उजवी जोडी असते. धारेची बाजू आधी जमिनीत शिरली पाहिजे, पाठ नव्हे. पाती रोटरवर तिरक्या वेढ्यात बसवलेली असतात, म्हणजे सगळी एकदम जमिनीवर आदळत नाहीत. बदलताना हा क्रम चुकला की रोटर थरथरतो, बोल्ट ढिले होतात आणि बेअरिंग जातं. म्हणून सगळी पाती एकदम काढू नका. एक काढा, तिथेच नवं बसवा, मग पुढचं. बोल्ट कंपनीच्या मापाचे आणि ताकदीचेच वापरा. नवे बोल्ट लावल्यावर पहिल्या तासाभराच्या कामानंतर पुन्हा एकदा आवळायचे, कारण ते बसून ढिले होतात.

पाती बदलताना रोटर नुसता हायड्रॉलिकवर उचलून त्याखाली बसायचं नाही. लिफ्टचं तेल गळू शकतं, लिव्हरला कुणाचाही धक्का लागू शकतो. दोन्ही बाजूला बाभळीचे जाड ठोकळे ठेवून रोटर त्यांच्यावर टेकवा. विटा नकोत, त्या वजनाखाली फुटतात.

काही रोटरना शाफ्टपाशी शिअर बोल्ट असतो. तो मुद्दाम कमजोर केलेला असतो: दगड लागला की तो तुटतो आणि गिअरबॉक्स वाचतो. वारंवार तुटतो म्हणून त्याजागी कडक बोल्ट टाकला की बोल्ट वाचतो आणि तुटतो तो गिअर. शाफ्टच्या क्रॉसना रोज कामाआधी ग्रीस द्या, गिअरबॉक्समध्ये एसएई ९० तेल खुणेपर्यंत भरा, साइडच्या चेनकेसचंही तेल बघा.

चालू करणं आणि चालवणं

थांबलेला रोटर जमिनीत गाडून पीटीओ घालायचा नाही. शिअर बोल्ट तुटतो किंवा क्लच जळतो. रोटर जमिनीपासून तीन-चार इंच वर, इंजिन मंद, मग पीटीओ. आवाज ऐका. एकसारखा घरघराट असेल तर ठीक. 'खड-खड' असेल तर बंद करून बघा. नंतर डॅशबोर्डवर ५४० ची खूण असेल तिथपर्यंत आरपीएम वाढवा, लो रेंजमधला पहिला-दुसरा गिअर टाका आणि चालता चालता रोटर हळू खाली सोडा. ताशी दोन-तीन किलोमीटर पुरे. खोली चार-पाच इंच, तीसुद्धा बाजूच्या स्किडने (जमिनीवर घसरत जाणाऱ्या पट्टीने) ठरवलेली, लिव्हर हातात धरून नव्हे. एका फेरीत माती भुगा व्हावी म्हणून ट्रॅक्टर रांगवत ठेवू नका; जमिनीचं पीठ झालं की पहिल्या पाण्याला ती पक्की बसते.

क्लचबाबत आपला ट्रॅक्टर ओळखा. एकच क्लच असेल तर पायडल दाबलं की चाक आणि पीटीओ दोन्ही सुटतात. डबल क्लच असेल तर अर्ध्यावर चाक सुटतं, पीटीओ फिरतच राहतो. दुसऱ्याचा ट्रॅक्टर चालवायला घेताना पहिला प्रश्न हाच विचारायचा.

मागचा पत्रा साखळीने वर बांधून ठेवू नका. दगड तोच अडवतो. रोटरच्या मागे आणि बाजूला माणसं नकोत. खुरपणाऱ्या बायका त्याच पट्ट्यात असतील तर त्यांचं काम होईपर्यंत थांबा. आणि एक गोष्ट खास आपल्याकडची: रान कडक आहे, पाती शिरत नाहीत, म्हणून रोटरच्या फ्रेमवर वजनाला माणूस बसवतात. त्याचे पाय पात्यांपासून वीतभर अंतरावर असतात. वजन हवं असेल तर वाळूची पोती घट्ट बांधा. मडगार्डवर पोरगं बसवणं हेही तितकंच वाईट.

वळताना रोटर उचलावा लागतो. फार उंच उचलला आणि पीटीओ चालूच राहिला तर शाफ्टचा कोन वाढतो आणि तो 'कडकड' वाजायला लागतो. तो आवाज आला की पीटीओ बंद करून वळा. मागे घेताना तर पीटीओ बंदच असायला हवा. बागेत मांडवाखाली चालताना रोलबार दुमडावा लागतो. दुमडलेला असताना सीटबेल्ट लावू नका, बाहेर पडून रोलबार उभा केला की लावा. उभ्या रोलबारशिवाय बेल्ट माणसाला ट्रॅक्टरखाली बांधून ठेवतो.

वेढलेली नळी काढताना

कितीही जपलं तरी कधीतरी ठिबकची नळी, सुतळी किंवा दोरी रोटरला वेढतेच. आवाज जड होतो, मागे माती ढेकळासारखी पडायला लागते. रोटर थोडा वर घ्या, पीटीओ बंद करा आणि वर सांगितलेला क्रम पूर्ण करा. फक्त रोटर जमिनीऐवजी, पाती मोकळी राहतील असा, ठोकळ्यांवर टेकवा. मग विळ्याने नव्हे, चाकूने, धार स्वतःपासून दूर ठेवून वेढे आडवे कापा. रोटर हाताने फिरवावा लागला तर हातमोजे घाला आणि बोटं दोन पात्यांच्या मध्ये घालू नका. कडेच्या बेअरिंगपाशी अडकलेला शेवटचा तुकडा सोडून देऊ नका. तोच ऑइल सील कापतो आणि चेनकेसचं तेल रानात गळतं.

ताली, बांध आणि विहीर

पाटण, जावळी, वाईकडच्या तालींवर (उतारावरच्या पायरीसारख्या रानांवर) मिनी ट्रॅक्टर चालवणं वेगळं काम आहे. उतारावर वर-खाली चालवा, आडवं नको. दहा फुटांत अडीच-पावणेतीन फूट उतरणारा उतार म्हणजे साधारण १५ अंश. याच्या पुढे रोटर नेण्यापेक्षा बैल किंवा कुदळ बरी. तालीच्या कडेपासून कड जितकी उंच तितकं अंतर ठेवा, कारण चाकाच्या वजनाने कड आतून सुटते. न बांधलेल्या विहिरीला हा हिशोब पुरत नाही. तिच्याभोवती दहा-बारा फूट सोडून खुंट्या मारा आणि आतला पट्टा हाताने करा.

रोटरच्या वजनाने पुढची चाकं हलकी होतात. सपाट जागी रोटर उचला आणि स्टिअरिंग फिरवून बघा. पुढची चाकं नुसती सरकत असतील तर बंपरला वजनं लावा. चढावर रोटर उचलून झटक्यात क्लच सोडला तर तोंड वर येतं, आणि उलटायला दीड सेकंदही लागत नाही. चिखलात रुतल्यावर मागच्या चाकांना आडवं लाकूड बांधण्याची जुनी युक्ती याच कारणाने जीवघेणी आहे: चाक अडकतं आणि फिरायचं ते इंजिनसकट अख्खं धूड फिरतं. पीटीओ बंद करा, रोटर वर घ्या, डिफरन्शियल लॉक (दोन्ही मागची चाकं एकत्र फिरवणारी कळ) लावून सरळ मागे या. नाही आलं तर दुसऱ्या ट्रॅक्टरने खालच्या हुकातून ओढा, साखळी टॉप लिंकच्या जागी बांधू नका.

रस्त्यावर आलात की दोन्ही ब्रेक पायडलची पट्टी जोडा. एकच ब्रेक लागला तर ट्रॅक्टर गर्रकन फिरतो. पीटीओ बंद, रोटर उचललेला, मागे लाल रिफ्लेक्टर. उसाच्या हंगामात रात्री ट्रॉल्यांच्या गर्दीत तोच दिसतो.

पाचटाच्या रानातून आल्यावर सायलेन्सर आणि रेडिएटरच्या जाळीतलं पाचट काढा, पण इंजिन निवल्यावर. डिझेलही तेव्हाच भरा.

कुणाचा हात-पाय पात्यांत अडकला तर रोटर उलटा फिरवू नका आणि ओढू नका. इंजिन बंद, १०८ ला फोन, रक्त येतंय तिथे स्वच्छ कापड दाबून धरा, आणि पीटीओ शाफ्ट सोडवायला पाने घेऊन माणूस बोलवा. यासाठी टूलबॉक्समध्ये शाफ्टच्या बोल्टच्या मापाचे दोन पाने नेहमी असावेत. ते बहुतेकांच्या घरी, पडवीत असतात.